बालकाची साक्ष न्यायालय कशी पारखते?



प्राथमिक शिक्षकाला आपल्या सेवाकाळात न्यायालयाची पायरी चढण्याचा प्रसंग सहसा येत नाही. परंतु एका प्रकारच्या खटल्यात तो आपणांपैकी कोणावरही, कोणत्याही दिवशी येऊ शकतो. दुपारच्या सुटीत एखादे मूल जवळ येते आणि आपल्यावर झालेला लैंगिक अत्याचार अर्धवट शब्दांत सांगते. त्या क्षणापासून शिक्षक त्या प्रकरणातील एक साक्षीदार बनतो. त्याने त्या वेळी काय ऐकले, काय विचारले, काय लिहिले आणि कोणाला कळविले, याची चिकित्सा पुढे न्यायालयात होते. म्हणून अशा खटल्यांत न्यायालय पुरावा कसा पारखते, हे प्रत्येक शिक्षकाने समजून घेणे अगत्याचे आहे.

या विषयाचा मुख्य कायदा म्हणजे 'लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२' होय. तो १४ नोव्हेंबर २०१२ पासून अंमलात आला व 'पॉक्सो' या नावाने तो सर्वांस परिचित आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्यान्वये बालक होय. पुराव्याचे सर्वसाधारण नियम पूर्वी १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमात होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा 'भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३' याने घेतली आहे. कायद्याचे नाव बदलले, कलमांचे क्रमांकही बदलले. तथापि ज्या तत्त्वांचे विवेचन येथे करावयाचे आहे, ती तत्त्वे बहुतांशी पूर्वीचीच आहेत.

१. लहान मूल साक्ष देऊ शकते काय?

होय. साक्षीदाराचे वय अमुक वर्षांहून अधिक असावे, असे कायदा कोठेही सांगत नाही. ज्याला विचारलेला प्रश्न समजतो आणि ज्याला त्याचे सुसंगत उत्तर देता येते, तो साक्ष देण्यास पात्र आहे. म्हणून मुलाची साक्ष सुरू करण्यापूर्वी न्यायाधीश त्याला काही साधे प्रश्न विचारतात. तुझे नाव काय, कितवीत शिकतोस, शाळा कोठे आहे, खरे बोलणे म्हणजे काय, खोटे बोलले तर काय होते, अशा धर्तीचे हे प्रश्न असतात. मुलाच्या उत्तरांवरून त्याची समज पाहून न्यायाधीश आपले मत नोंदवितात.

शपथेविषयीही असेच आहे. बारा वर्षांखालील मुलाला सत्य बोलण्याचे कर्तव्य समजते, परंतु शपथ या गोष्टीचा अर्थ समजत नाही, असे न्यायालयास वाटल्यास १९६९ च्या शपथ अधिनियमानुसार शपथेवाचूनही त्याची साक्ष घेता येते.

२. एकट्या मुलाचा शब्द पुरेसा आहे काय?

हा प्रश्न पालकसभेत हटकून विचारला जातो. "गुरुजी, पाहणारा कोणी नाही, मग कोर्टात टिकणार कसे?" असे म्हणून पुष्कळ पालक तक्रार करण्याचेच टाळतात. हा समज चुकीचा आहे. कोणतीही गोष्ट सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची अमुक संख्या लागत नाही, असे कायद्यात स्पष्ट म्हटलेले आहे. न्यायालय साक्षी मोजत नाही, त्या तोलते.

स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न प्रारंभीच, डिसेंबर १९५१ मध्ये हाताळला. प्रकरण राजस्थानातील होते आणि पीडित मुलगी आठ वर्षांची होती. तिला शपथ देण्यात आली नव्हती आणि प्रत्यक्ष पाहणारा दुसरा साक्षीदार नव्हता. घरी आल्यावर काही तासांतच तिने घडलेली हकिगत आईला सांगितली होती. खालच्या एका न्यायालयाने असे मत दिले होते की, मनाची खात्री पटते, परंतु कायद्याला हवी ती पुष्टी नाही. सर्वोच्च न्यायालयाने हा विचार मान्य केला नाही. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस हे पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. निकालपत्र त्यांनी लिहिले. दुसऱ्या पुराव्याची पुष्टी असावी हा सावधगिरीचा विचार आहे. पुष्टीवाचून दोषी ठरवूच नये असा कायदा नाही, असे त्यात प्रतिपादन आहे. तसेच, मुलीने त्या वेळी आईला सांगितलेले शब्द हे तिच्या साक्षीला पुष्टी देणारे ठरतात, असेही न्यायालयाने मानले.

त्यातील शेवटचा मुद्दा शिक्षकांनी नीट ध्यानात घ्यावा. मूल घटनेनंतर प्रथम ज्याला विश्वासाने सांगते, त्या व्यक्तीची साक्ष महत्त्वाची ठरते. त्या प्रकरणी ती व्यक्ती आई होती. आपल्या शाळेत ती व्यक्ती शिक्षक असू शकते. शिक्षकाने ऐकलेले शब्द हे घटनेचा स्वतंत्र पुरावा नव्हेत, कारण शिक्षकाने घटना पाहिलेली नसते. परंतु मुलाने घटनेच्या सुमारास जे सांगितले तेच ते न्यायालयातही सांगत आहे, हे त्यावरून दिसून येते आणि मुलाच्या शब्दाला बळ मिळते.

पुढे १९९६ मध्ये पंजाबातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व अधिक ठामपणे मांडले. अत्याचारपीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल तर केवळ तिच्याच आधारे आरोपीस दोषी ठरविता येते. तिच्या कथनातील किरकोळ विसंगतींना अवास्तव महत्त्व देऊ नये, असे त्या निर्णयाचे सार आहे.

३. साक्ष पारखण्याच्या कसोट्या

एकट्या मुलाचा शब्द पुरेसा असतो, याचा अर्थ तो न पारखता स्वीकारला जातो असा नव्हे. मुलाचे मन संस्कारक्षम असते. मोठ्यांनी वारंवार सांगितलेली गोष्ट त्याला स्वतःच्या अनुभवासारखी वाटू लागते. हे आपणा शिक्षकांइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? म्हणून न्यायालय पुढील गोष्टी बारकाईने पाहते.

पहिली गोष्ट म्हणजे मुलाला कोणी पढविले आहे काय? आठ वर्षांचे मूल वकिली भाषेत बोलू लागले तर संशय येतो. ते आपल्या भाषेत, आपल्या जगातल्या वस्तूंच्या खुणा देत बोलले, तर विश्वास वाढतो. तथापि आई-वडिलांनी किंवा सरकारी वकिलांनी मुलाला न्यायालयात निर्भयपणे बोलण्यास धीर दिला, एवढ्यावरून ते पढविलेले ठरत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील एका खून खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बालसाक्षीदाराविषयीच्या तत्त्वांची पुन्हा मांडणी केली. मूल पढविलेले आहे असा नुसता आरोप करून भागत नाही, त्याला आधार दाखवावा लागतो, असे त्यात सांगितले आहे.

दुसरी गोष्ट, कथनाचा गाभा स्थिर आहे काय? मंगळवार की बुधवार, सदरा निळा की हिरवा, अशा तपशिलांत मुलाची गल्लत होणे स्वाभाविक आहे. कोण, कोठे आणि काय केले, हा गाभा मात्र प्रत्येक वेळी सारखा राहतो काय, ते पाहिले जाते.

तिसरी गोष्ट, दोन्ही कुटुंबांत शेतीचा बांध, निवडणूक वा उसनवारी यांवरून वैर आहे काय? वैर असले म्हणजे तक्रार खोटीच, असे नव्हे; परंतु अशा वेळी न्यायालय अधिक सावध राहते.

चौथी गोष्ट, तक्रारीस विलंब का झाला? भीती, लाज, घरची बदनामी अथवा आरोपी घरातीलच असणे, ही कारणे न्यायालयास ठाऊक आहेत. समर्पक कारण असेल तर केवळ विलंबामुळे खटला फेटाळला जात नाही. परंतु मुलाने शिक्षकाला सांगितल्यानंतर शिक्षकाकडूनच विलंब झाला, तर त्या विलंबाला कोणते समर्पक कारण द्यावयाचे?

४. वैद्यकीय पुरावा आणि आरोपीचा हेतू

शरीरावर जखम आढळली नाही म्हणजे अत्याचार झालाच नाही, असा समज समाजात दृढ आहे. तो शास्त्राला धरून नाही. अनेक प्रकारच्या अत्याचारांत शरीरावर कोणतीही खूण उरत नाही. उरली तरी मुलांच्या जखमा लवकर भरून येतात. म्हणून वैद्यकीय अहवाल हा पुष्टी देणारा पुरावा आहे. तो नसल्यास मुलाची विश्वासार्ह साक्ष निरुपयोगी ठरत नाही. मुलीची तपासणी स्त्री-डॉक्टरनेच, पालकांच्या किंवा मुलीच्या विश्वासातील व्यक्तीच्या उपस्थितीत करावयाची असते.

हेतूविषयीचा एक निर्णय आपल्या राज्याशी संबंधित आहे. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने असे म्हटले होते की, कपड्यांवरून केलेल्या स्पर्शास पॉक्सोचे लैंगिक हल्ल्याचे कलम लागू होत नाही, त्वचेचा त्वचेला स्पर्श व्हावा लागतो. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो निर्णय रद्द केला. आरोपीचा लैंगिक हेतू हाच या अपराधाचा मुख्य घटक आहे, कपड्याचा अडसर नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

५. वय आणि शाळेची नोंदवही

अशा खटल्यात मूल अठरा वर्षांखालील आहे, हे सरकार पक्षाला प्रथम सिद्ध करावे लागते. वयाच्या निश्चितीसाठी बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ९४ मधील क्रम पाळला जातो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र प्रथम. ते नसल्यास ग्रामपंचायत, नगरपालिका वा महानगरपालिकेचा जन्मदाखला. आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांची वैद्यकीय तपासणी.

म्हणजे आपले जनरल रजिस्टर हा थेट न्यायालयातील पुरावा आहे. मुख्याध्यापकास ते घेऊन साक्षीला जावे लागते आणि तेथे एक प्रश्न ठरलेला असतो: "ही जन्मतारीख आपण कशावरून लिहिली?" जी नोंद कोणत्या आधारावर केली ते सांगता येत नाही, त्या नोंदीला फारसे मोल नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच म्हटले आहे. जुलै २०२३ मधील एका निर्णयात, केवळ शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून पीडितेचे वय सिद्ध झाल्याचे मानण्यास न्यायालयाने नकार दिला. आपल्याकडे जन्मतारीख ठाऊक नसलेल्या मुलाच्या नावापुढे '१ जून' लिहून मोकळे होण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. तिचे दुष्परिणाम अशा वेळी दिसतात. प्रवेशाच्या वेळी जन्मदाखल्याची प्रत घेऊन ती जतन करणे, हा केवळ दप्तरी सोपस्कार नव्हे.

६. आरोपीचे संरक्षण

पॉक्सोच्या कलम २९ अन्वये, यातील गंभीर अपराधांच्या खटल्यात आरोपीने अपराध केला असे न्यायालय गृहीत धरते. तसे नाही हे दाखविण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. हे ऐकून पुष्कळ शिक्षक धास्तावतात. परंतु हे गृहीत आपोआप लागू होत नाही. मुलाचे वय व घटनेची मूळ तथ्ये सरकार पक्षाने आधी प्रस्थापित करावी लागतात, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. आरोपीला उलटतपासणीचा, आपला पुरावा देण्याचा आणि अपिलाचा अधिकार आहे. द्वेषबुद्धीने खोटी तक्रार करणाऱ्या प्रौढ व्यक्तीस शिक्षेची तरतूद आहे. मुलाला मात्र त्याबद्दल शिक्षा होत नाही. निरपराध शिक्षकाचे रक्षणही शेवटी काळजीपूर्वक घेतलेल्या पुराव्यानेच होते. घाईघाईने व आपल्या मनाने लिहिलेले टिपण जसे पीडित मुलाचा घात करते, तसेच ते निरपराध माणसाचाही करू शकते.

७. मुलाची साक्ष घेण्याची रीत

मूल न घाबरता बोलले तरच सत्य बाहेर येते. म्हणून कायद्याने साक्षीची रीतच बदलली आहे. पोलीस अधिकारी मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, गणवेश न घालता घेतात. शक्यतो ते काम महिला अधिकारी करते. विशेष न्यायालयात कामकाज बंद दालनात चालते. वकील मुलाला थेट प्रश्न विचारीत नाहीत. ते आपले प्रश्न न्यायाधीशांना देतात आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात. साक्षीच्या वेळी मुलाला आरोपी दिसू नये अशी व्यवस्था असते. मुलाला मधूनमधून विश्रांती दिली जाते व विश्वासातील माणूस जवळ बसू शकतो. न्यायालयाने अपराधाची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष नोंदवावी आणि शक्यतो एका वर्षात खटला पूर्ण करावा, असे कायदा सांगतो. ही माहिती पालकांना दिल्यास त्यांची अर्धी भीती नाहीशी होते.

८. शिक्षकाने काय करावे?

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. पॉक्सो कायदा लागू होऊन फार दिवस झाले नव्हते. मी एका शाळेचा मुख्याध्यापक होतो. तिसरीतील एका मुलीने आपल्या वर्गशिक्षिकेला गावातील एका दुकानदाराविषयी काही सांगितले. बाईंनी ते मला कळविले. मी त्या मुलीला कार्यालयात बोलाविले, दोन सहकारी व शाळा समितीचे दोन सदस्य यांच्यासमोर "त्याने असे केले का? तसे केले का?" असे प्रश्न विचारले, आणि 'सदर इसमाने विद्यार्थिनीशी अश्लील वर्तन केले' असे टिपण तयार केले. माझ्या मते ती चोख चौकशी होती. त्याच संध्याकाळी आम्ही पोलिसांत खबर दिली.

पुढे माझ्या उलटतपासणीत बचाव पक्षाच्या वकिलांनी ते टिपण हाती घेऊन विचारले, "हे शब्द त्या मुलीचे की आपले?" मी खरे तेच सांगितले. शब्द माझे होते. मुलीचा एकही शब्द त्यात नव्हता. आधी प्रश्न मी सुचविले आणि तिने मान हलविली, हेही मला कबूल करावे लागले. त्या दिवशी खटला डळमळला तो माझ्यामुळे. तो सावरला तो वर्गशिक्षिकेमुळे. त्यांनी आपल्या टाचणवहीच्या समासात, तारीख-वेळेसह, मुलीचे वाक्य जसेच्या तसे उतरवून ठेवले होते: "बाई, मला खडू आणाया त्या दुकानात नका धाडू. तो बाबा मला धरून ठेवतो." न्यायालयाने मुलीची साक्ष विश्वासार्ह मानली व आरोपी दोषी ठरला. बाईंनी प्रश्न विचारले नव्हते; त्यांनी फक्त ऐकले होते.

या अनुभवावरून आणि कायद्याच्या तरतुदींवरून पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

(अ) मुलाला एकांतात परंतु मोकळ्या जागी, शांतपणे बोलू द्यावे. "पुढे काय झाले?" एवढेच विचारावे. ज्यात उत्तर दडलेले आहे असा प्रश्न विचारू नये.

(आ) मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, तारीख, वेळ व स्थळ यांसह लिहून ठेवावेत. आपला निष्कर्ष लिहू नये, भाषा सुधारू नये.

(इ) तीच हकिगत मुलाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नये. त्याला आरोपीसमोर उभे करू नये.

(ई) "कोणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला देऊ नये. "तू सांगितलेस हे चांगले केलेस" एवढे अवश्य म्हणावे.

(उ) विशेष बाल पोलीस पथकास किंवा स्थानिक पोलीस ठाण्यास ताबडतोब कळवावे. कलम १९ प्रमाणे हे प्रत्येक व्यक्तीवर बंधनकारक आहे. त्यासाठी वरिष्ठांच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. १०९८ या बालसाहाय्य क्रमांकाचीही मदत घ्यावी. न कळविणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा अपराध न कळविणाऱ्या संस्थाप्रमुखास एक वर्षापर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. सद्‌भावनेने खबर देणाऱ्यावर मात्र कोणतीही जबाबदारी येत नाही.

(ऊ) प्रकरण गावात मिटविण्याच्या बैठकीस बसू नये. मुलाचे नाव व ओळख कोणासही सांगू नये.

(ए) हजेरीपट, भेटपुस्तक व इतर नोंदी सुरक्षित ठेवाव्यात. शाळेत सीसीटीव्ही असल्यास त्या दिवसाचे चित्रण पुसले जाण्यापूर्वी जतन करण्याची विनंती पोलिसांकडे लेखी करावी. कोणत्याही नोंदीत मागाहून खाडाखोड करू नये.

खबर देण्याचे महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने चंद्रपूर जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात विशेष करून सांगितले आहे. अत्याचाराची माहिती असूनही खबर दिली नाही, असा आरोप असलेल्या डॉक्टरविरुद्धचा गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश बाजूस सारला. तत्पर खबर न दिल्यास कायद्याचा हेतूच विफल होतो, अशी त्यामागील भूमिका आहे.

आता शेवटचा एक दाखला. १९८६ साली राजस्थानात एका अल्पवयीन बालिकेवर अत्याचार झाला. न्यायालयात तिला घटनेविषयी विचारले असता ती काहीच बोलू शकली नाही. ती नुसती रडत राहिली. २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने आरोपीस मुक्त केले. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मुक्तता रद्द करून मूळ शिक्षा पुन्हा कायम केली. भेदरलेल्या बालकाच्या मौनाचा लाभ आरोपीस देता येणार नाही, तिचे अश्रू काय सांगतात ते ओळखले पाहिजे, आणि वैद्यकीय व इतर पुरावा भक्कम असताना तो दृष्टीआड करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. न्याय मिळाला, पण त्याला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

न्यायाधीश होणे हे शिक्षकाचे काम नाही, वकील होणे हेही नाही. मुलाने विश्वासाने उच्चारलेले शब्द, त्यांत काही न घालता व त्यांतून काही न काढता, योग्य ठिकाणी वेळेवर पोहोचविणे, एवढेच त्याचे काम आहे. ते त्याने नीट केले तर पुढचा भार न्यायालय उचलते. प्रत्येक मुख्याध्यापकाने पुढील शिक्षक-सभेत वरील सात सूचनांचे वाचन करून त्या फलकावर लावाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.